फलाटाला लागून कारखान्याचे फाटक : उमी-शिबाउरा स्टेशन आणि त्याची रेल्वे

जपानमधल्या योकोहामा शहराच्या त्सुरुमी प्रभागात उमी-शिबाउरा नावाचे एक रेल्वे स्टेशन आहे. त्याला एकच रूळ आणि एकच फलाट आहे. फलाटाच्या कठड्याखाली थेट कालव्याचे खारे पाणी लागते आणि फलाट संपतो तिथे जे फाटक दिसते ते तोशिबा कंपनीच्या कारखान्याचे असते. त्या फाटकातून कारखान्याचे कर्मचारी आणि कामानिमित्त रीतसर परवानगी घेऊन आलेले लोक एवढेच आत जाऊ शकतात. इतर कोणी गाडीने इथवर पोहोचला, तर त्याला पुन्हा गाडीनेच परत फिरावे लागते, कारण स्टेशनातून गावाकडे जाणारा दुसरा रस्ताच नाही.

प्रवासाच्या चित्रफितींमध्ये हे स्टेशन एक विचित्र नवल म्हणून दाखवले जाते. मला ते वर्णन अपुरे वाटते. ज्या कारणांसाठी ही रेल्वे बांधली गेली ती कारणे एकदा लक्षात आली, की उमी-शिबाउराची रचना अगदी सरळ आणि तर्काला धरून आहे हे पटते. या भागात आधी जमीन तयार झाली, मग कारखाने आले, त्यांच्या मालासाठी रूळ आले आणि प्रवासी सर्वांत शेवटी आले. स्टेशन कुठे असावे, त्याचे नाव काय असावे, गाडी किती वाजता सुटावी, या सगळ्यावर या क्रमाची छाप आजही आहे.

आधी जमिनीबद्दल. योकोहामा आणि तिला लागून असलेले कावासाकी या दोन शहरांच्या किनाऱ्यावर आज जो औद्योगिक पट्टा आहे, तो बराचसा समुद्रात भराव घालून उभा केलेला आहे. या कामामागचा मुख्य माणूस म्हणजे आसानो सोइचिरो (१८४८–१९३०). तोयामा प्रांतातून हा माणूस नशीब काढायला तोक्योत आला, आणि योकोहामाच्या गॅस कारखान्यात टाकाऊ म्हणून पडून राहणारा कोक, म्हणजे गॅस काढून घेतल्यावर उरलेला दगडी कोळसा, सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून विकून त्याने आपला जम बसवला. पुढे १८८०च्या दशकात सरकारने विकायला काढलेला सिमेंटचा कारखानाच त्याच्या हाती आला. १८९६ साली तो युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तिथल्या बंदरांत मोठी जहाजे थेट धक्क्याला लागतात आणि माल यंत्रांनी उतरतो, हे त्याने पाहिले. योकोहामात त्या काळी जहाज दूर नांगरून माल छोट्या होड्यांनी किनाऱ्याला आणावा लागे, आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जात.

यावर आसानोने काढलेला तोडगा धाडसी होता. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्राचा तळ उपसायचा. उपसलेल्या वाळू-गाळाने कारखान्यांसाठी बेटे तयार करायची आणि उपशामुळे खोल झालेल्या भागाचे जहाजांसाठी कालवे करायचे. एकाच कामातून जमीन आणि जलमार्ग दोन्ही मिळाल्याने प्रत्येक कारखान्याच्या दारात जहाज येऊ शकणार होते. बँकर यासुदा झेनजिरो आणि उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी या योजनेला पाठबळ दिले. काम १९१३च्या सुमारास सुरू झाले आणि सुमारे पंधरा वर्षांत जवळपास ५०० हेक्टर जमीन पाण्यातून वर आली. भराव घालून शहर वाढवणे मुंबईकराला परके नाही, पण इथे भरावाचा प्रत्येक तुकडा पहिल्यापासून कारखान्याच्या मापाने आखलेला होता, हे ध्यानात ठेवायला हवे.

जहाजाने कच्चा माल येतो, पण तयार झालेला माल देशाच्या आतल्या भागात न्यायला रेल्वेच लागते. सरकारी रेल्वेने १९१८ मध्ये हामा-कावासाकीपर्यंत मालवाहतुकीचा एक फाटा आणला होता. तिथून पुढच्या नव्या बेटांवर रूळ टाकण्यासाठी आसानो आणि तिथल्या कारखानदारांनी १९२४ मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. तिचे नाव त्सुरुमी रिंको रेल्वे. १० मार्च १९२६ रोजी हामा-कावासाकी ते बेंतेनबाशी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि त्यावर फक्त मालगाड्या धावत होत्या. ज्यांना माल पाठवायचा होता त्यांनीच पैसे घालून बांधलेली ही रेल्वे होती. त्यामुळे मार्ग आखताना वस्तीचा नव्हे, तर कोणत्या कारखान्याची साइडिंग, म्हणजे त्याच्या आवारात जाणारा रूळ, कुठे जोडायची याचा विचार आधी झाला.

स्टेशनांची नावेही त्याच भागधारकांची आणि कारखान्यांची आहेत. आसानो स्टेशन आसानोच्या नावाचे, तर आंझेन स्टेशन यासुदा झेनजिरोच्या आडनावातले आणि नावातले एकेक अक्षर घेऊन तयार झालेले. कागद उद्योगातला बडा माणूस ओकावा हेइझाबुरो याच्यावरून ओकावा हे नाव आले. मुसाशी-शिराइशी हे नाव शिराइशी मोतोजिरोवरून आहे. तो आसानोचा जावई आणि १९१२ मध्ये स्थापन झालेल्या निप्पॉन कोकान या पोलाद कंपनीचा पहिला अध्यक्ष. ओगिमाची या शेवटच्या स्टेशनच्या नावात आसानो घराण्याच्या कुलचिन्हातला पंखा आहे. शोवा स्टेशन ज्या शोवा देन्को कंपनीवरून ओळखले जाते, तिने २०२३ मध्ये आपले नाव बदलून रेझोनॅक केले, पण स्टेशनची पाटी शोवाच राहिली. एखाद्या कंपनीचे भागधारक आणि शेजारी यांची यादी अशी रेल्वेच्या नकाशावर जशीच्या तशी उरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

कारखाने वाढले तसे कामगारही वाढले. १९३० साली मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला प्रवासी गाड्या सुरू झाल्या. १९३४ मध्ये हा मार्ग मुख्य त्सुरुमी स्टेशनपर्यंत आला आणि तोक्यो-योकोहामा या मोठ्या मार्गावरून येणाऱ्या कामगारांना तिथेच गाडी बदलता येऊ लागली. त्सुरुमीत हा मार्ग इतर रुळांपेक्षा उंचावर, वेगळ्या छपराखाली संपतो. कारण उघड आहे : दोन वेगळ्या मालकांची ती दोन वेगळी स्टेशने होती. १९४३ मध्ये युद्धकाळात सरकारने हा मार्ग ताब्यात घेतला, १९८७ मध्ये जपानच्या सरकारी रेल्वेचे विभाजन झाल्यावर तो जेआर ईस्ट या कंपनीकडे आला, आणि आज तो त्सुरुमी लाइन म्हणून ओळखला जातो. मुख्य मार्ग सात किलोमीटरचा आहे आणि दोन फाटे धरून एकूण लांबी १० किलोमीटरही भरत नाही.

या दोन फाट्यांपैकी एक उमी-शिबाउराचा. तो आसानो स्टेशनला मुख्य मार्गापासून वेगळा होतो आणि कालव्याच्या कडेकडेने १.७ किलोमीटर जातो. शिबाउरा हे खरे तर तोक्योच्या किनाऱ्यावरच्या एका भागाचे नाव. तिथली शिबाउरा इंजिनिअरिंग ही विजेची यंत्रे बनवणारी कंपनी १९२०च्या दशकात त्सुरुमीच्या नव्या जमिनीवर आली आणि १९३९ मध्ये तोक्यो इलेक्ट्रिकशी तिचे विलीनीकरण होऊन जी कंपनी झाली तिचेच पुढे तोशिबा झाले. फाटा १९३२ मध्ये शिन-शिबाउरापर्यंत आला आणि १ नोव्हेंबर १९४० रोजी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला उमी-शिबाउरा स्टेशन सुरू झाले. वीजनिर्मितीची टर्बाइन आणि जनित्रे बनवणाऱ्या एवढ्या लांबलचक कारखान्याच्या एका टोकाच्या कामगाराला दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे लागू नये, हा त्यामागचा साधा हेतू होता. कारखाना आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळ आणि फलाट बसवल्यावर सार्वजनिक रस्त्याला जागाच उरली नाही, आणि तशी गरजही कोणाला भासली नाही. स्टेशनवर उतरणारा प्रत्येक जण कारखान्यातच जाणार होता.

त्सुरुमीहून इथे यायला साधारण अकरा मिनिटे लागतात. आसानो सोडले की गाडी वळण घेऊन कालव्याच्या काठाला लागते, आणि शेवटच्या टप्प्यात एका बाजूच्या खिडकीत पाण्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. फलाटावर उतरून कठड्याशी उभे राहिले, की समोर कालव्यातून जाणाऱ्या बोटी, पलीकडच्या काठावरच्या टाक्या आणि चिमण्या, आणि त्यापुढे १९९४ मध्ये वाहतुकीला खुला झालेला त्सुरुमी त्सुबासा पूल दिसतो. या पुलाच्या मधल्या गाळ्याची लांबी ५१० मीटर आहे. हे पाहायला बाहेरचे लोक येऊ लागले आणि फाटकापाशी अडकून राहू लागले, तेव्हा तोशिबाने १९९५ मध्ये आपल्याच जागेचा एक अरुंद तुकडा मोकळा करून तिथे उमिशिबा नावाची छोटी बाग केली. बागेत शिरण्यासाठी कारखान्याचे फाटक ओलांडावे लागत नाही. एका खाजगी कंपनीने, कोणतीही सक्ती नसताना, आपल्याकडे काहीच काम नसलेल्या माणसाला पाण्याकाठी बसायला जागा दिली, ही गोष्ट मला या स्टेशनातली सर्वांत मोलाची वाटते.

वेळापत्रकात या मार्गाचा स्वभाव स्पष्ट दिसतो. सकाळी कामावर येण्याच्या आणि संध्याकाळी सुटण्याच्या वेळी उमी-शिबाउराला गाड्या पुरेशा असतात. मधल्या वेळात मात्र एक गाडी गेल्यावर पुढची यायला कधी कधी दोन तासही लागतात. सुटीच्या दिवशी त्या आणखी कमी होतात. निवासी भागातली रेल्वे दिवसभर चालते, कारण तिथे शाळेची मुले, बाजाराला निघालेली माणसे, दवाखान्यात जाणारे वृद्ध असे सगळ्या वेळचे प्रवासी असतात. इथे वस्ती नाही, दुकाने नाहीत. पाळी सुरू होण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा तास सोडला, तर गाडी चालवण्यासाठी प्रवासीच नसतो. जपानमध्ये बहुतेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या रेल्वे पासाचा खर्च स्वतः देतात, त्यामुळे कामावर गाडीने येणे ही इथे रूढ गोष्ट आहे, आणि त्या भरवशाच्या गर्दीवरच असा मार्ग टिकून राहतो.

तिकिटाची व्यवस्थाही वेगळ्या धाटणीची आहे. १९७१ मध्ये त्सुरुमी वगळता या मार्गावरच्या स्टेशनांवरून तिकीट तपासणारे कर्मचारी काढून घेण्यात आले. मग भाडे कसे वसूल करायचे? पुढची पन्नास वर्षे या प्रश्नाचे उत्तर त्सुरुमी स्टेशनात होते. मुख्य मार्गाच्या फलाटांवरून त्सुरुमी लाइनच्या फलाटांकडे जाताना, म्हणजे स्टेशनच्या आतच, तपासणीची आणखी एक फाटकांची रांग होती. या मार्गावरचा जवळजवळ प्रत्येक प्रवासी त्सुरुमीतून जातो, म्हणून एका ठिकाणी तपासले की काम भागत असे. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस ही आतली फाटके काढून टाकण्यात आली. आता प्रत्येक छोट्या स्टेशनवर खांबावर बसवलेले कार्ड वाचणारे यंत्र असते. चढताना कार्ड टेकवायचे आणि उतरताना पुन्हा टेकवायचे. कोणी चढताना कार्ड टेकवलेच नाही, तर शहरातल्या ज्या स्टेशनवर तो उतरेल तिथले फाटक उघडत नाही, कारण कार्डावर प्रवास सुरू झाल्याची नोंदच नसते. तपासणी संपलेली नाही. ती मधून काढून प्रवासाच्या दोन टोकांना नेली आहे.

याच यंत्रांमुळे हामा-कावासाकीला नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. तिथे त्सुरुमी लाइन आणि नाम्बू लाइनचा फाटा एकमेकांना भेटतात, पण त्यांची स्टेशने रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, कारण नाम्बू रेल्वेही मुळात वेगळी खाजगी कंपनी होती आणि ती सरकारकडे १९४४ मध्ये आली. गाडी बदलणाऱ्याला एका स्टेशनातून बाहेर येऊन, रस्ता ओलांडून, दुसऱ्या स्टेशनात शिरावे लागते. अशा वेळी बाहेर पडताना आणि आत शिरताना कार्ड टेकवायचे नसते. टेकवले तर एक प्रवास तिथे संपला असे यंत्र धरते आणि भाड्याचा हिशोब दोनदा सुरू होतो.

आता दुसऱ्या, म्हणजे ओकावाच्या फाट्याकडे वळू. कागदावर हा फाटा मुसाशी-शिराइशी स्टेशनला सुरू होतो, पण ओकावाची गाडी मुसाशी-शिराइशीला थांबतच नाही. आंझेन सोडले की ती एकदम ओकावालाच थांबते. यामागचे कारण भूमितीचे आहे, आणि रेल्वेच्या रचनेत अशी छोटी अडचण केवढा परिणाम घडवते ते समजण्यासाठी ते जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे.

रेल्वेचा डबा हा एक सरळ, न वाकणारा खोका असतो आणि तो खालच्या दोन चाकगाड्यांवर टेकलेला असतो. वळणावर या चाकगाड्या रुळांबरोबर वळतात, पण डबा सरळच राहतो. त्यामुळे डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला येतात. वाड्यातल्या अरुंद, वळणाच्या बोळातून लांब शिडी नेताना तिचे पोट एका भिंतीला आणि टोके दुसऱ्या भिंतीला लागतात, तसाच हा प्रकार आहे. फलाट अशा वळणावर असेल, तर डबा घासू नये म्हणून फलाटाची कड मागे घ्यावी लागते आणि मग दार व फलाट यांच्यात धोकादायक फट पडते. डबा जितका लांब आणि वळण जितके तीव्र, तितकी ही फट मोठी.

मुसाशी-शिराइशीला ओकावा फाट्याचा जो फलाट होता तो अशाच तीव्र वळणावर होता. जपानमधल्या उपनगरी गाड्यांचा नेहमीचा २० मीटर लांबीचा डबा तिथे चालू शकत नव्हता, म्हणून १७ मीटर लांबीचा, दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेला, युद्धापूर्वीच्या काळातला एकच डबा तिथे दशकानुदशके धावत राहिला. क्युमोहा १२ या प्रकारचा हा तपकिरी डबा इतर सगळीकडून कधीच निवृत्त झाला होता. अखेर १९९६ मध्ये तो थांबवण्यात आला, त्याच्या जागी २० मीटरचे डबे आले, आणि त्यांना अडथळा होऊ नये म्हणून तो फलाटच पाडण्यात आला. तेव्हापासून ओकावाची गाडी मुसाशी-शिराइशीच्या शेजारून न थांबता जाते. एका फलाटाच्या वळणाने एक जुना डबा इतकी वर्षे जिवंत ठेवला आणि डबा गेल्यावर फलाटही गेला.

कोकुदो स्टेशनबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण या मार्गावरचा तो सर्वांत जुन्या वळणाचा कोपरा आहे. त्सुरुमीनंतरचे हे पहिले स्टेशन राष्ट्रीय महामार्गाजवळ आहे आणि १९३० मध्ये सुरू झाले. रूळ वर पुलावर आहेत. खाली काँक्रीटच्या कमानींचा अंधारा बोगदा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एके काळी दुकानांची रांग होती. आज त्यातली बहुतेक बंद आहेत. बाहेरच्या भिंतीवर युद्धातल्या हवाई हल्ल्यात विमानांनी झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. त्या बुजवलेल्या नाहीत, हे बरेच झाले.

मालवाहतूक आता पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे. आंझेन स्टेशनहून अमेरिकी हवाई दलाच्या योकोता तळासाठी विमानाचे इंधन भरलेल्या टाक्यांची गाडी अजून जाते. ओगिमाचीहून साइतामा प्रांतातल्या सिमेंट कारखान्यासाठी कोळसा नेणारी गाडी २०२० मध्ये बंद झाली. बाकीचा माल ट्रकवर गेला. ज्या कामासाठी ही रेल्वे जन्मली ते काम संपत आले आणि जोडीला आलेली प्रवासी गाडी मात्र राहिली.

तिचे भवितव्य कारखान्यांच्याच हाती आहे. निप्पॉन कोकानची वारस असलेल्या जेएफई स्टीलने या पट्ट्यातली आपली शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर हायड्रोजनसारख्या नव्या इंधनाची साठवण उभी करण्याची, आणि हामा-कावासाकीलगतच्या मिनामी-वातारिदा भागात संशोधन केंद्रे आणण्याची योजना कावासाकी शहर राबवत आहे. संशोधकांची संख्या भट्टीवरच्या कामगारांइतकी होत नाही आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळाही भोंग्यावर ठरत नाहीत. तेव्हा दुपारच्या गाड्या वाढतील आणि सकाळच्या कमी होतील, असा माझा अंदाज आहे. रेल्वे कंपनीने मात्र या मार्गावरची गुंतवणूक थांबवलेली नाही. डिसेंबर २०२३ पासून इथे ई-१३१ या नव्या पिढीच्या तीन डब्यांच्या गाड्या आल्या आहेत, आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या हिबारी या प्रायोगिक गाडीच्या चाचण्याही २०२२ पासून याच मार्गावर घेतल्या गेल्या.

तोक्यो किंवा योकोहामात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणाला उमी-शिबाउराला जायचे असेल, तर निघण्यापूर्वी परतीच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी, कारण तिथे थांबायला बागेखेरीज जागा नाही आणि दुपारची एक गाडी चुकली तर बराच वेळ मोडतो. बागेकडे जाताना यंत्राला कार्ड टेकवावे, म्हणजे पहिला प्रवास पुरा झाल्याची नोंद होते, आणि परतताना पुन्हा टेकवावे. पाण्याचे, पुलाचे, फलाटाचे छायाचित्र जरूर घ्यावे, पण कॅमेरा कारखान्याच्या फाटकाकडे वळवू नये. तिथले सुरक्षारक्षक सौम्यपणे पण ठामपणे थांबवतात. आणि शक्यतो संध्याकाळी कारखाना सुटण्याच्या वेळी जाऊ नये, कारण त्या वेळच्या गाडीत बसण्याचा पहिला हक्क दिवसभर काम करून आलेल्या माणसांचा आहे.